टॉवरपाशी डावीकडे

दाताचा डॉक्टर चौकात बुडाला. त्याच्या आधी शाळेतल्या एक बाई बुडाल्या होत्या, त्यांच्या आधी एक बसचालक. सगळे एकाच जागी. बंदरावर उतरायचे, दगडी कमानीतून धावत चौकात यायचे आणि मधोमध थांबून भोवऱ्यासारखे गरगर फिरायचे. तोवर पाणी घोट्यांवरून गुडघ्यांवर, गुडघ्यांवरून छातीवर चढायचे आणि पडदा काळा व्हायचा.

"सॉरी हं," डॉक्टर कंट्रोलर टेबलावर ठेवत म्हणाला. "बाकी शहर फार सुंदर आहे तुमचं."

काचेच्या पलीकडच्या खोलीत बसलेल्यांपैकी कोणालाही हे ऐकून बरे वाटले नाही.

ते शहर त्या खोलीतल्या एकीने उभे केले होते. गेममधला नायक अख्खी पृथ्वी पालथी घालून शेवटी एका बेटावर येतो; त्या बेटावरचे शहर हेच शेवटचे आव्हान. तिथे राक्षस नाही, मारामारी नाही. समुद्र वाढत असतो आणि पाणी गाठायच्या आत बंदरापासून टेकडीवरच्या दीपगृहापर्यंत पोचायचे असते, एवढेच. हातात नकाशा नाही. वाट शहरानेच दाखवायची, हा तिचा हट्ट होता. घरे, पायऱ्या, पूल, वाळत घातलेले कपडे, सगळे तिच्या हातचे; म्हणून ऑफिसात तिला सगळे महापौर म्हणत.

गेम पूर्ण झाला की बाहेरच्या, कधीच तो न पाहिलेल्या माणसांना बोलवायचे आणि खेळायला लावायचे, अशी तिथली पद्धत होती. काचेमागून नुसते बघायचे. मदत करायची नाही, खूण करायची नाही. आज तो दिवस होता आणि संध्याकाळी गेमची अखेरची प्रत पुढे जायची होती.

"बाण टाकू या," बॉस म्हणाला.

"नको."

"अगं, ऐकून तर घे. नायकाच्या डोक्यावर एक सोनेरी बाण. दीपगृहाकडे तोंड करून. काका अर्ध्या तासात बसवतील."

काका म्हणजे तिथले सर्वांत जुने प्रोग्रॅमर. त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिले.

"बाण आला की लोक बाण बघतात," ती म्हणाली. "शहर कोण बघणार? मग मी एवढी वर्षं काय केलं? नुसते पुठ्ठे उभे केले असते तरी चाललं असतं."

"आता तरी कोण बघतंय? बुडतायत सगळे." बॉसने घड्याळाकडे पाहिले. "संध्याकाळपर्यंत एक माणूस, फक्त एक, वर पोचू दे. बाणाचं नाव काढणार नाही. नाहीतर बाण."

ती खुर्चीत बसली, उठली, खिडकीपाशी गेली, परत आली. समोरचा चहा साय धरून बसला होता. तिने दुपारभर हातपाय मारून पाहिले. योग्य रस्त्याच्या तोंडाशी कंदील लावले; पुढचा खेळाडू, वाण्याच्या दुकानातला एक हसरा माणूस, कंदिलांच्या उजेडात बुडाला. मग त्या दिशेने पक्षी उडवले. त्याच्या नंतरच्याने पक्ष्यांचे कौतुक केले आणि तोही बुडाला.

"मला कळतच नाही," ढेकूण म्हणाला. "यात अवघड काय आहे?"

ढेकूण हा परीक्षक. गेममधले बग शोधून काढणे हे त्याचे काम, आणि एकदा चावला की सोडत नसे, म्हणून हे नाव. त्याला स्वतःलाही ते आवडत असावे, कारण कपावर त्याने तेच लिहून घेतले होते. बेटावरची वाट तो एका हाताने सँडविच खात पार करायचा. तोच कशाला, बॉस पोचायचा, काका पोचायचे, हिशेब बघणाऱ्या ताई एकदा गंमत म्हणून बसल्या होत्या, त्याही पोचल्या होत्या.

"तुला अवघड नाही, कारण तू तिथे राहतोस," काका म्हणाले. "भाडंही देत नाहीस."

तेवढ्यात तिचा फोन थरथरला. आई.

"काय गं, खेळतायत का लोक?"

"खेळतायत. आई, मी नंतर—"

"आपल्या घरापर्यंत आलं का कुणी?"

"नाही अजून."

"येतील. खालच्या वहिनींना सांगून ठेवलंय मी, गेम बाजारात आला की आमचं घर दाखवीन म्हणून. त्या म्हणतात, असं कसं असेल. म्हटलं, बघाच."

ती "बरं" म्हणाली आणि फोन पालथा ठेवला.

चौकातून उजवीकडे, दुसऱ्या गल्लीत, ते घर होते. खाली शिलाई मशीन दुरुस्तीचे दुकान, वर दोन खोल्या, निळा दरवाजा, खिडकीत तेलाच्या डब्यांत लावलेली रोपे, जिन्याला टेकवलेली वडिलांची सायकल. रस्ता रुंद झाला तेव्हा खरे घर पडले. वडील त्याच्या आधीच गेले होते. आई आणि ती भाड्याच्या फ्लॅटमध्ये आल्या, आणि ते घर तिने बेटावर पुन्हा बांधले. बांधताना हात राखला नाही. पडदा वाऱ्याने हलायचा, नळ ठिबकायचा, सायकलच्या सीटवर आईने घातलेले ठिगळ होते, टाक्यांसकट. वाटेवर नसलेल्या घराला इतके कोणी सजवत नाही, असे काका एकदा म्हणाले होते. तिने ऐकून न ऐकल्यासारखे केले होते.

गेल्या काही महिन्यांपासून रविवारी ती लॅपटॉप घरी न्यायची, तेव्हा पाणी बंद करून आईला बेटावर फिरू द्यायची. सुरुवातीला आई भिंतींना धडकायची आणि भिंतींनाच रागवायची. मग हात बसला. बंदर, कमान, चौकातून उजवीकडे, दुसरी गल्ली. निळ्या दारापाशी थांबायचे, मान वर करून खिडकी बघायची आणि कंट्रोलर खाली ठेवायचा.

"अगं आई, दीपगृह राहिलं."

"मला काय करायचंय दीपगृह? घरी जाऊन आले, झालं."

काचेपलीकडे पुढची खेळाडू येऊन बसली. बँकेत काम करणारी, थेट बोलणारी, ठाम मुलगी. बंदर झाले, कमान झाली. ती चौकात आली, थांबली आणि फिरू लागली.

ढेकूण काचेला नाक लावून पुटपुटत होता. त्याचे दोन्ही अंगठे हवेतच हलत होते. "टॉवरपाशी डावीकडे. डावीकडे गं बाई. टॉवरपाशी डावीकडे."

महापौर त्याच्याकडे वळली. "काय म्हणालास?"

"बोललो नाही काही. तिला ऐकू जात नाही इथलं."

"नाही, काय म्हणालास?"

"टॉवरपाशी डावीकडे."

"कुठला टॉवर?"

ढेकणाने काचेवरून नाक काढले. तिथे वाफेचा ठिपका राहिला. "घड्याळाचा," तो म्हणाला, आणि मग त्याने पडद्याकडे नीट पाहिले, जणू कोणीतरी आत्ताच तिथून काहीतरी उचलून नेले होते.

चौकात टॉवर नव्हता. गेल्या हिवाळ्यापासून नव्हता. त्याआधी मात्र पहिल्या दिवसापासून होता. सगळे शहर त्याच्याभोवती वाढले, आणि ऑफिसातला प्रत्येक जण त्याच्याकडे बघूनच वाट शिकला. तो गेला तरी यांचे अंगठे त्याच जागी डावीकडे वळत राहिले. महिनोन्‌महिने रोज इतकी माणसे एका नसलेल्या टॉवरला वळसा घालत होती आणि कोणाच्याही लक्षात आले नव्हते.

"च्यायला," बॉस म्हणाला. "मीसुद्धा."

"मग ठेवा की परत," ढेकूण म्हणाला. "टाकून दिलाय का? असेलच कुठेतरी."

"आहे," काका म्हणाले. "टॉवरचा प्रश्न नाही. वजनाचा आहे."

पुढचे तिला माहीत होते. टॉवर प्रचंड होता, शहराच्या कुठल्याही कोपऱ्यातून दिसायचा, त्यामुळे मशीनला तो सतत रंगवत बसावे लागे. साध्या मशीनवर गेम अडखळू लागला, तेव्हा काका तिच्या टेबलापाशी येऊन म्हणाले होते, या भागातलं काहीतरी एक काढावं लागेल, टॉवर किंवा तुझी ती गल्ली. ठिबकणारा नळ, हलणारा पडदा, टाकेबिके, सगळं मिळून टॉवरएवढंच आहे. तिने विचार करायला वेळसुद्धा घेतला नव्हता. टॉवर काढा म्हणाली होती. सगळ्यांना वाट तर येतेच.

आता काका पुन्हा तसेच तिच्यासमोर उभे होते.

बँकेतली मुलगी बुडाली. "दुसऱ्यांदा खेळू का?" तिने काचेकडे बघून विचारले. दुसऱ्यांदा चालत नव्हते. नवाच माणूस लागत असे.

महापौर जिन्यापर्यंत गेली आणि परत आली. पडदा स्थिर केला तर? सायकल काढली तर? काका मान हलवत राहिले. नळ बंद केला तर? काकांची मान तशीच हलली.

"अजून कोण आहे बाहेर?" तिने विचारले.

"एकच. पाळणाघरवाल्या बाई," बॉस म्हणाला. "त्यांना मुलं घरी सोडायची आहेत, घाईत आहेत."

"थांबवा त्यांना. चहा द्या."

ती आपल्या जागेवर बसली. गल्ली निवडायला एक चौकट ओढावी लागते. तिने ती ओढली. निळा दरवाजा, डबे, पडदा, सायकल, सगळ्यांभोवती बारीक पिवळी रेघ उमटली. तिने बटण दाबले. गल्लीत एक भोक पडले आणि त्यातून समुद्र दिसू लागला. तिथे तिने शहरात इतरत्र वापरलेली साधी पांढरी भिंत आणून बसवली. मग टॉवर परत आणला. तो आपल्या जागी असा बसला की जणू कधी गेलाच नव्हता.

पाळणाघरवाल्या बाई खुर्चीच्या टोकावर बसल्या, पर्स मांडीवरच ठेवून. बंदरावर एकदा आपटल्या. कमानीतून बाहेर आल्या, समोर बघितले, "अरे वा, केवढं घड्याळ," म्हणाल्या, टॉवरच्या बुंध्यापर्यंत धावल्या आणि तिथून डावीकडे चढणारा रस्ता दिसताच त्यावर वळल्या. पाणी त्यांच्या टाचांना लागत होते. दोन पुलांवर त्या चुकल्या, परत फिरल्या, स्वतःलाच ओरडल्या आणि दीपगृहाच्या दारावर जाऊन आदळल्या.

काचेमागे ढेकणाने तिला मिठी मारली. "महापौर! निवडून आलात!"

बॉस बाणाविषयी काही बोलला नाही. प्रत वेळेत गेली. सगळ्यांना सुट्टी मिळाली आणि घरी न्यायला गेमची एकेक प्रत.

सुट्टीच्या पहिल्या सकाळी आईने लॅपटॉपवरची धूळ पदराने पुसली आणि कंट्रोलर मागितला.

"आई, एक सांगायचं होतं."

"सांग की. हात चालू असताना कान बंद नसतात माझे."

पण तिला सुरुवात सापडेना. तिने उशीचा अभ्रा सारखा केला, उठून पंख्याचे बटण खालीवर केले, परत बसली. आई बंदरावर उतरली होती.

"हे पाणी कुठून आलं?"

"शेवटचं आव्हान आहे ते. आता पाणी असतं. पळावं लागतं."

"अगंबाई." आई कमानीतून गेली. चौक आला. "हा कुणाचा टॉवर?"

"आधी होता. मग नव्हता. आता परत आहे. आई, ऐक ना, टॉवरपाशी डावीकडे वळ. डावीकडे रस्ता चढतो बघ."

"चढू दे," आई म्हणाली आणि उजवीकडे वळली.

पहिली गल्ली गेली. दुसऱ्या गल्लीत आई वळली, आणि खेळताना सारखा हलणारा तिचा पाय थांबला. पांढऱ्या भिंतीवर दाराची खूण नव्हती, रंगाचा डाग नव्हता. तरी आई थांबली ती नेमकी दाराच्या जागी, आणि तिने मान वर केली ती नेमकी खिडकीएवढी.

पाणी घोट्यांपर्यंत आले.

"काढावं लागलं, आई. दोन्ही मावत नव्हतं. टॉवर नसला तर लोक बुडत होते."

"दिसतंय मला."

"मी तुला आधीच सांगणार होते."

"हं."

"आता मागे फिर. अजून वेळ आहे, पोचशील. टॉवरपाशी—"

"थांब गं जरा."

पाणी गुडघ्यांवर आले, मग कमरेवर. आई भिंतीकडे बघत राहिली. तिचे अंगठे हलले नाहीत. पाणी डोळ्यांवर आले, भिंत हिरवी झाली आणि पडदा काळा झाला.

आईने कंट्रोलर खाली ठेवला नाही.

"परत लागतं का हे? पहिल्यापासून?"

"लागतं. ते मधलं बटण."

आईने मधले बटण दाबले. बंदर, कमान, चौक. टॉवर समोर आला. आई उजवीकडे वळली.