बाटलीतली हवा

कंपनीच्या सभेला तिसऱ्या वर्षीही तोच हॉल, तोच साहेब आणि तेच वाक्य: "येत्या सहा महिन्यांत." हवेतून पाणी काढणारं त्यांचं यंत्र घरोघरी पोचणार होतं. याला कोपराला गूळ लावणं म्हणतात, पण भागधारक टाळ्या वाजवत होते.

मी तीस वर्षं फ्रिज दुरुस्त करतोय. हवेतलं पाणी रोज फ्रिजच्या मागच्या ट्रेमध्ये साचतं, त्याला कुणी टाळ्या वाजवत नाही.

ताईची शिल्लक आधीच त्या कंपनीत अडकली होती. आता आम्हा दोघांच्या नावावरचा गाळा विकून ती आणखी पैसे घालणार होती. त्याच गाळ्यात ती इस्त्री करते आणि मी फ्रिज उघडतो. माझी सही तेवढी बाकी होती.

मंचावरच्या यंत्रातून पेल्यात धार पडत होती. मला राहवेना. मी वर गेलो आणि मागच्या कॉम्प्रेसरवर हात ठेवला. चालू कॉम्प्रेसर हाताला गरम लागतो. हा थंडगार होता.

"साहेब, हे यंत्र चालू तरी आहे का?"

"काका, हे तंत्रज्ञान नवीन आहे," तो हसला. "तुमच्या काळातला फ्रिज नाही हा."

हॉल खिदळला. मी खाली आलो तसं ताईने बाही धरून मला बसवलं. "शोभा करू नकोस. तुला कुणाचं चांगलं झालेलं बघवतच नाही." साहेबापेक्षा मला तिचाच राग आला.

जेवणाच्या सुट्टीत कागद न्यायला आम्ही गाळ्यावर परत आलो. हॉलमधून निघताना प्रत्येकाला यंत्राच्या पाण्याची एकेक बाटली दिली होती. गिऱ्हाईकाचा काळा कोट संध्याकाळी द्यायचा होता, म्हणून ताईने आधी इस्त्री तापवली.

काळ्या कापडावर ती नळाचं पाणी कधीच शिंपडत नाही. आमच्या पाण्यात क्षार फार, वाळलं की पांढरे ठसे उठतात. त्यासाठी ती बॅटरीत घालायचं बिनक्षारांचं पाणी विकत आणते. आज तिने ती बाटली उघडली.

"हवेचं पाणी," ती मला ऐकवत म्हणाली. "यात क्षार कुठून येणार?"

तिने पाणी शिंपडलं, इस्त्री फिरवली आणि उचलली. कोटाच्या पाठीवर पांढरे ठसे उठले होते.

तिने ठशांवरून बोट फिरवलं. "नळाचं आहे रे."

"हो."

"मग तिथेच बोलला का नाहीस?"

"बोललो. तूच मला खाली बसवलंस."

तिचा चेहरा लाल झाला. तिने इस्त्रीचं बटण बंद केलं. गाळ्याचे कागद पुन्हा कपाटात टाकून कुलूप लावलं. मी ठसे पुसायला ओला फडका घेतला, तो तिने हिसकावून घेतला.

"हात लावू नकोस. गिऱ्हाईकाला मी काय ते सांगेन." तिने कोट तसाच हँगरला लावला. "चल. सभा संपायच्या आत पोचायचंय. आणि आज मला कुणी खाली बसवून दाखवावंच."