अकरा हजार तीनशे तीन

अठ्ठेचाळीस मीटर कापड, त्यावर आठ आडव्या पट्ट्या. प्रत्येक पट्टी नखाएवढी रुंद, विरळ विणीची. बाकी कापड निर्दोष.

"दर दीड तासाला एक," केसरीनाथ काका म्हणाले. "आनि दर दीड तासाला हा चाय प्यायला पळतो. भाविक, सोमवारपासून गोडाऊनच्या गेटवर बस. चायवाला तिथं समोरच हाय."

भाविक त्यांचा मुलगा. त्यांच्याच नारपोलीच्या कारखान्यात आठ महिने लूम, म्हणजे यंत्रमाग, शिकत होता आणि त्याला दुसरं काही करायचं नव्हतं. "रुचिकाताई, मी दोनदाच गेलो," तो मला म्हणाला. "पट्ट्या आठ हायत."

मी कापड तपासायला आले होते. मी लूम थांबवायला सांगितला. कापड ओढणाऱ्या रोलरला दोन दातेरी चाकं असतात. खडूची खूण करून मी दाते मोजले. लहान चाकाला ८९, मोठ्याला १२७. दोन्हींचा एकेक दात झिजला होता.

"माझे पन मोज," काका म्हणाले. "दोन पडलेत."

"काका, एक आडवा धागा पडला की दोन्ही चाकं एकेक दात सरकतात. झिजलेले दोन दात समोरासमोर आले की चाक घसरतं, कापड जास्त ओढलं जातं आणि वीण विरळ पडते. ८९ आणि १२७ दोन्ही मूळ संख्या, त्यांत एकाशिवाय सामाईक विभाजक नाही. म्हणून तेच दोन दात पुन्हा भेटायला ११,३०३ धागे लागतात. चाकं ९० आणि १२६ दात्यांची असती, तर भेटलेच तर दर ६३० धाग्यांना भेटले असते. पट्टी फूटभर अंतरावर आली असती. तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं असतं."

"मोठं चाक दिवाळीत मीच बसवलंय. जुनं हाय, पन चांगलं हाय."

इंचाला अठ्ठेचाळीस धागे. म्हणजे दोन पट्ट्यांत ५९८ सेंटिमीटर. मी खडूने लूमवर '५९८' लिहिलं. "आता तुम्ही बसा. भाविक बाहेर राहील."

लूम सुरू झाला. वेळेवर विसंबणं शक्य नव्हतं, आडव्या धाग्याची कांडी संपली की लूम थांबायचा. मी दारापर्यंत जायचे, परत यायचे. एक दात मोजायचा राहिला असेल तर? ८८ दाते असते तर ५९१. मोठ्या चाकाला १२६ असते तर ५९३. फरक इतकाच. चाकं फिरत होती, पुन्हा मोजता येईना.

बाहेर भाविक दगडाला लाथ मारत फिरत होता. काकांसाठी चहा आला, त्यावर साय धरली. ते जागचे हलले नाहीत.

मग एकदा 'खट्' झालं आणि विणीत विरळ पट्टी दिसली. काकांनी लूम बंद केला.

"भाविक, टेप आण," ते म्हणाले.

एक टोक भाविकने आधीच्या पट्टीवर धरलं, दुसरं काकांनी.

पाच मीटर सत्त्याण्णव सेंटिमीटर.