पन्नास मैलांनंतर

हेल्मीने आपल्या टायरच्या दुकानासमोरच्या शेवटच्या ट्रेलरवर खडूने आकडा घातला: अकरा. सात बोटींचे, तीन फिरत्या घरांचे, एक नुसताच रिकामा. आज गुरुवार आणि शनिवारी मासेमारीचा हंगाम सुरू. वर्षभर अंगणात पडलेले ट्रेलर उत्तर मिनेसोटात याच आठवड्यात सगळ्यांना आठवतात. तिच्या उजव्या मनगटात सकाळपासून कळ येत होती. दहा ट्रेलर उरकेपर्यंत पाच वाजले.

अकरावा वायनोकाकांच्या बोटीचा. तिचे वडील असेपर्यंत दोघांनी चाळीस वर्षं एकाच बोटीतून मासे पकडले होते.

"हवा भर, बास," काका म्हणाले. "टायर नवेकोरे आहेत. नक्षी बघ."

नक्षी खरंच झिजली नव्हती. हेल्मी गुडघ्यावर बसली, टायरच्या बाजूवरचा चिखल अंगठ्याने पुसला आणि चार आकडे वाचले. २३११.

"दोन हजार अकराचा तेविसावा आठवडा. तेरा वर्षांचे झाले की हो."

"मग? मी एकोणऐंशीचा आहे. मला बदलतेस?"

"तुमचा साइज मिळत नाही."

ते हसले. तिने रबरावर नख दाबलं. बारीक भेगा उघडल्या. ट्रेलरचं रबर पळून संपत नाही, उभ्या उभ्या वाळतं.

"कुठवर न्यायचाय?"

"कुठवर म्हणजे? तळ्यावर. चार मैल."

चार मैल, तेही सावकाश, तर तिने हवा भरून सोडलं असतं. गेल्या वर्षी तसंच सोडलं होतं. पण तेव्हा चाक आणि मडगार्डच्या मध्ये तिची तीन बोटं जात होती. आज एकच जात होतं; ट्रेलर ओझ्याने दबला होता. बोटीवरच्या ताडपत्रीच्या कडेखालून शिवणयंत्राचा लोखंडी पाय डोकावत होता. आइलीकाकूंचं यंत्र. काकू जाऊन दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून मिझुरीतली मुलगी काकांना कायमचं बोलावत होती, आणि काका रोज कॉफीच्या टेबलावर सगळ्यांना ऐकवत होते, की मी या गावातून हलेन तो आडवाच.

"चारच मैल?"

"का, तळं सरकलंय?"

"काका, वजन आणि वेग कळल्याशिवाय मला टायर निवडता येत नाही. एवढं ओझं घेऊन भरधाव जाताना यातला एक फुटला, तर बोट गाडीलाही सोबत घेऊन खड्ड्यात जाईल. मग तुम्हाला काढायला कोण येणार?"

काका काही बोलणार तेवढ्यात समोरच्या फुटपाथवरून कुणीतरी ओरडलं, "वायनो! शनिवारी लवकर ये रे, नाहीतर तुझी जागा मी बळकावीन!"

"बळकावून तर बघ!" काका ओरडले आणि हात हलवला. हात खाली यायला जरा वेळ लागला. मग ते टायरकडे बघत राहिले.

"पासष्ट," ते हळूच म्हणाले. "मोठ्या रस्त्यावर सगळे पासष्टनेच जातात."

हेल्मी दुकानात शिरली. आतून जास्त वजन पेलणारे टायर ढकलत आणले.

"तीन कशाला?"

"एक जादा. तळ्यावर लागतो."

जुने उतरले, नवे चढले. नट किती घट्ट बसला ते दाखवणाऱ्या काट्याच्या पान्याने तिने दोन्ही चाकांचे दहा नट काटा नव्वदवर येईपर्यंत आवळले. शेवटच्या दोन नटांना डावा हात लावावा लागला. पन्नास मैलांनी परत या, नट पुन्हा बघावे लागतात, असं ती प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायची. आज दहा वेळा सांगून झालं होतं. आता तिने पाना पुसला आणि काकांच्या गाडीत, शेजारच्या सीटवर ठेवला.

"पन्नास मैल झाले की थांबा. एकेक नट बघा. मग मला फोन करा."

"तुला लागेल की गं."

"माझ्याकडे जुना आहे. आणि मनगट दुखतंय, तसाही नको वाटतोय."

काकांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, काढला, आणि गाडी सुरू केली.

शुक्रवारी सकाळी सातला ती पहिल्या ट्रेलरखाली होती, तेव्हा फोन वाजला. पलीकडून मोठमोठे ट्रक जात असल्याचा आवाज येत होता.

"बावन्न मैल," काका म्हणाले.

"आणि नट?"

"नऊ नव्वदवर. एक पंच्याऐंशीवर होता. आवळला."