एक गोल हवा होता

रंगारी क्लबच्या पाचवीलाच हार पुजलेली होती. रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांनी हा फुटबॉल क्लब काढला, तेव्हा गोदामात निळा रंग उरला होता म्हणून जर्सी निळी झाली. मैदान मिळालं तेही कारखान्याच्या भट्ट्यांची राख टाकायच्या जागेवर. राखेवर माती, मातीवर गवत. पाऊस झाला की खेळाडू गुडघ्यापर्यंत काळे होऊन बाहेर यायचे. पुढे पूर्वेला लाकडी स्टँड उभा राहिला, तो जळला. मग सिमेंटच्या पायऱ्या झाल्या, त्यांच्यावर पत्रे आले, आणि एका वादळात निम्मे पत्रे उडून शेजारच्या शाळेच्या आवारात जाऊन पडले. ते परत बसवायला क्लबच्या कमिटीला इतकी वर्षं लागली, की तोवर शाळेने त्यांची सायकलींसाठी शेड बांधून घेतली. एवढ्या सगळ्या इतिहासात क्लबने कप जिंकला तो एकदाच. त्या एका कपावर लोकांनी पुढची सगळी वर्षं काढली. माणसं किती थोडक्यात भागवतात!

तो कप पाहिलेल्यांत दोन भाऊ होते. थोरला तेव्हा वडिलांचं बोट धरून उभा होता आणि धाकटा त्यांच्या खांद्यावर होता. पूर्वेच्या पायऱ्यांवर एका गंजक्या खांबाला लागून वडिलांची जागा होती. तिकिटावर जागेचा नंबर नसायचा, पण तिथे दुसरं कुणी उभं राहायचं नाही. वडील गेल्यावर भावांनी वेगळी बिऱ्हाडं केली, भांडीकुंडी वाटून घेतली. ही जागा मात्र वाटता येईना, म्हणून दोघंही तिथेच उभे राहू लागले.

उभे राहायचे, पण बोलायचे नाहीत. आई शेवटची आजारी पडली तेव्हा म्हणत होती, मला घरीच राहू द्या. धाकटाही तेच म्हणत होता. थोरल्याने कुणाचं ऐकलं नाही, अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली, आणि आईने दवाखान्याच्या व्हरांड्यात अनोळखी माणसांच्या गर्दीत प्राण सोडला. तिथे उभ्या उभ्या धाकटा जे बोलला ते सांगण्यासारखं नाही, आणि थोरल्याने उलट जे सुनावलं तेही नाही. तेव्हापासून अबोला. दोघांच्या घरांमध्ये दोन बसथांबे, पण मैदान सोडून दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही.

मैदानावर मात्र इलाज नव्हता. त्या पायऱ्यांची रीतच होती, की गोल झाला की शेजारी असेल त्याला मिठी मारायची. तिथे विचार करायला वेळ नसतो. अबोल्यानंतरचा पहिला गोल झाला आणि दोघं एकमेकांच्या गळ्यात पडले, मग भानावर येऊन पुन्हा सरळ समोर बघू लागले. पुढे तेच अंगवळणी पडलं. एकदा पंचाने गोल नाकारला, पण मिठी मारून झाली होती, ती काही परत करता येईना. त्या संध्याकाळी थोरला घरी शीळ घालत आला. बायकोने विचारलं, "जिंकलात वाटतं?" तर म्हणाला, "छे, हरलो."

मग क्लबने मैदान बिल्डरला विकलं. नवं स्टेडियम शहराबाहेर, हमरस्त्याच्या पलीकडे उभं राहत होतं. तिथे पायऱ्या नाहीत, नंबर टाकलेल्या खुर्च्या. जुन्या मैदानाचा हा शेवटचा हंगाम. त्या हंगामातला रंगाऱ्यांचा पहिला गोल झाला, सगळा स्टँड उसळला, थोरल्याने हात टाकले, आणि ते हात धाकट्याच्या पाठीमागे नको तितके लांब गेले.

थोरला शिंपी होता. धाकट्याच्या अंगातला कोट त्यानेच शिवलेला होता, भांडणाच्या आधी. त्या छातीचं माप त्याच्या हातांना पाठ होतं. कोट तोच होता, पण आतलं माणूस कमी झालं होतं. बाजूचा भोंगा (त्याचं खरं नाव कुणालाच माहीत नव्हतं, आवाजामुळे सगळे त्याला भोंगाच म्हणत) दोघांच्या पाठीवर थापा मारत नाचत होता. धाकट्याने मिठी सोडली, गळपट्टा सारखा केला आणि मैदानाकडे बघू लागला.

थोरल्याने स्वतःची समजूत घातली. वय झालं, खाणं कमी केलं असेल. पण मन काही ऐकेना. खात्री करायची तर आणखी एक गोल हवा होता, आणि रंगाऱ्यांचा स्ट्रायकर असा दिव्य, की गोलच्या तोंडाशी उभा राहून चेंडू पार्किंगमध्ये मारायचा. थोरला इतका चिडायचा, हात जोडायचा, शिव्या घालायचा, की भोंगाही चकित झाला. "शिंपीबुवा, या वयात एवढं वेड लागलं तुम्हाला?"

पुढचा गोल झाला तो पार थंडी सरताना. या वेळी थोरल्याच्या बोटांना कोटावरूनही बरगड्या लागल्या. त्याने मिठी हलकीच धरली, मोडेल की काय अशी भीती वाटली. डॉक्टरला दाखव, एवढंच म्हणायचं होतं. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण दवाखान्याचं नाव त्याने काढायचं? त्याने?

घरी आल्या आल्या बायकोला म्हणाला, "तुझ्या जावेला फोन कर जरा."

"आणि काय विचारू?"

"विचार, कसे आहात सगळे."

"इतक्या वर्षांनी? बरी आठवण झाली." असं म्हणून तिने फोन लावला. सुरुवातीला तिचं नुसतं "हो, हो" चाललं होतं. मग ती खाली बसली. फोन ठेवल्यावर तिने मशीनवर पडलेला कपडा उगाच घडी करायला घेतला.

"बोल ना."

"पोटात आहे. पसरलंय म्हणे. डॉक्टरांनी हात टेकले. आता काही करायचं नाही, घरीच राहायचं, असं भाऊजींनी ठरवलंय." तिने घडी मोडून पुन्हा घातली. "आणि अहो, दादाला सांगू नका, असं बजावलंय त्यांनी. तिने मला शपथ घातली."

"मग मला का सांगतेस?" थोरला तिच्यावर ओरडला, आणि ओरडल्याची लाज वाटून दुकानात जाऊन बसला. त्या रात्री त्याने एकही टाका सरळ घातला नाही.

आता त्याला माहीत होतं आणि माहीत नसल्यासारखं वागायचं होतं. दर शनिवारी धाकटा यायचा, खांबाला टेकायचा, दम खायचा. थोरला त्याच्यासाठी वारा अडेल असा उभा राहायचा, तोही सहज उभा राहिल्यासारखा. बाकी त्याच्या हातात होतं काय? मैदानावरच्या अकरा पोरांच्या पायांवर त्याचा जीव टांगलेला, आणि त्या पोरांना चेंडू धड थांबवता येत नव्हता. सामन्यामागून सामने गेले, एक गोल नाही.

शेवटचा सामना बंदरवाल्यांशी होता. बरोबरी झाली तरी क्लब लीगमध्ये टिकणार होता, हरला तर खालच्या श्रेणीत. पायऱ्यांवर मुंगीला शिरायला जागा नव्हती. म्हातारी माणसं खांबांना हात लावून घेत होती. कुणी सिमेंटचे टवके काढून खिशात टाकत होतं. धाकटा आला तो दोन ठिकाणी थांबत थांबत. लोकांनी त्याला वाट करून दिली, तेव्हा थोरल्याला भडभडून आलं. लोकांना दिसत होतं, म्हणजे आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

क्लब टिको न टिको, थोरल्याला सोयरसुतक नव्हतं. त्याला एक गोल हवा होता. कसाही, कुणाच्या पाठीला लागून गेलेला चालेल, नंतर नाकारलेलाही चालेल. स्ट्रायकरने एक चेंडू बारवर मारला. सगळे हळहळले. थोरल्याचे उचललेले हात तसेच खाली आले. शेजारी धाकट्याचेही आले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

सामना संपत आला आणि बंदरवाल्यांनी गोल मारला.

सगळा पूर्व स्टँड गपगार झाला. भोंग्याने डोक्याला हात लावला. कुणी खाली बसलं, कुणी तोंड फिरवलं. आणि त्या शांततेत धाकटा वळला आणि त्याने थोरल्याला मिठी मारली. घट्ट, होती नव्हती तेवढी ताकद लावून.

"अरे ए!" भोंगा भडकला. "त्यांचा गोल झालाय, त्यांचा! डोकी फिरली का तुमची?"

आजूबाजूचे वळून बघायला लागले. धाकट्याचं तोंड त्याच्या कानाशी होतं आणि श्वास उथळ चालला होता.

"आपला होईपर्यंत मला नाही थांबता येणार, दादा," धाकटा म्हणाला.

इतक्या वर्षांत ऐकलेलं पहिलं वाक्य. थोरल्याला किती बोलायचं होतं! आईबद्दल, व्हरांड्याबद्दल, तू घरीच राहा, तुझंच बरोबर होतं, असं सगळं. पण आवाजच फुटेना. तो नुसता त्याची पाठ चाचपत राहिला.

खाली चेंडू पुन्हा मधोमध ठेवला गेला. थोडाच वेळ उरला होता. पंचाने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, तशी सगळ्या पायऱ्यांवर एकच बोंब उठली, "अजून वेळ दे! अजून दे!" आणि इतका वेळ न फुटलेला थोरल्याचा आवाज तेव्हा कुठे फुटला. भावाला धरून, मान वर करून तोही सगळ्यांबरोबर ओरडू लागला. पंचाने शिट्टी तोंडात धरली, तरी तो ओरडतच होता.