पुढचा धक्का

“मावशी, त्यांना मागच्या खडकांवरून न्या. पुढच्या धक्क्यावर पाहुणे नाश्त्याला बसलेत,” मॅनेजर म्हणाला.

मी ह्यांच्या अंगावरची चादर सारखी करत होते. हात तिथेच थांबला. सकाळी लाकडं फोडता फोडता माझा नवरा कोसळला, आणि याला नाश्त्याची पडलीय!

हे अख्खं बेट मालकांचं. मध्ये टेकडी, सगळीकडे जंगल. पुढच्या बाजूला शांत पाणी, तिथे बंगला आणि लाकडी धक्का. मागे नुसत्या लाटा आणि शेवाळलेले खडक. नोकरांनी ये-जा करायची ती तिथून. आमची खोली बंगल्याच्या वर, चढावर. ह्यांनी जन्मभर हे जंगल राखलं. पुढचा धक्काही ह्यांनीच बांधला, पण तिथून होडीत कधी पाय ठेवला नाही. मी म्हणायचे, “अहो, मालकांना एकदा विचारा की!” तर म्हणायचे, “जाऊ दे गं, आपलं काय अडलंय?” त्या ‘जाऊ दे’नं माझं डोकं कायम फिरायचं.

ह्यांना गावी न्यायला दीर होडी घेऊन आला होता. तोही हळूच म्हणाला, “वहिनी, वाद नको. मागूनच जाऊ.”

“दोघे भाऊ एकाच माळेचे मणी!” मी ओरडले. “त्या खडकांवर धडधाकट माणूस घसरतो. हे हातातून सुटले म्हणजे? होडी पुढे आण!”

मॅनेजर आडवा आला. “मावशी, मालक मला काढून टाकतील हो.”

“काढू देत! माझा नवरा गेलाय, तुझी नोकरी कुठे सांभाळत बसू? हो बाजूला!”

झाला बाजूला. माळी आणि स्वयंपाकी पुढे आले, त्यांनी खाट उचलली.

धक्क्यावर खुर्च्या सरकल्या. एका पाहुणीने विचारलं, “कोण गेलं?”

“आमच्याकडे कामाला होता,” मालक पुटपुटले.

“तुमच्या पायाखालच्या फळ्या ठोकल्या ना, तो माणूस,” मी म्हटलं. संताप असा झाला होता की रडूसुद्धा येईना.

होडी निघाली. इतक्या वर्षांत बेट पुढून मी पहिल्यांदाच पाहत होते. बंगला दिसला, हिरवळ दिसली, वर दाट झाडी.

“आपलं छप्पर कुठे दिसत नाही रे?” मी दिराला विचारलं.

“झाडं आली ना मध्ये, वहिनी.”

ती रांग ह्यांनीच लावली होती. खोली समुद्रावरून दिसता कामा नये, असं मालकांनी सांगितलं होतं. उन्हाळ्यात घागरी वाहून ह्यांनी ती झाडं जगवली, मीही पाणी घातलं.

वाऱ्याने चादर उडत होती. मी ती ह्यांच्या पायांखाली खोचली आणि धरून बसले.