माझी हक्काची शिवी

मी एक जुना टाइपरायटर आहे, आणि आधीच कबूल करतो, मोठा मत्सरी आहे. म्हातारपणी स्वभाव निवळतो म्हणतात. माझा निवळला नाही.

मित्रांनो, तुमच्यातल्या पुष्कळांनी मला चित्रातच पाहिले असेल. काळा पत्रा, रांगेत बसवलेल्या गोल कळा, वर डावीकडे सरकत जाणारी गाडी, आणि ओळ संपत आली की 'टिंग' वाजणारी छोटीशी घंटा. ती घंटा एवढाच माझा स्वतःचा आवाज. बाकी आयुष्यभर मी दुसऱ्यांचेच बोललो.

मला घडवणारा कारागीर काटकुळा होता. काना, मात्रा, वेलांटी, रफार एकेक तासून तो माझ्यात बसवी. शेजारच्या टेबलावर दुसऱ्या लिपीची यंत्रे बनत आणि त्या कारागिराचे काम दुपारीच उरकत असे. "तुझं बरं आहे बाबा," आमचा कारागीर त्याला म्हणे, "तुझी अक्षरं एका रांगेत उभी राहतात. आमच्यात निम्मी दुसऱ्याच्या डोक्यावर बसायला टपलेली!" त्या यंत्रांना सुंदर हिरवा रंग मिळाला, मला काळा. मत्सराची सुरुवात तिथपासूनची.

पुढे मी एका शाळेच्या ऑफिसात आलो. लांबट खोली, लोखंडी कपाट, उंच खिडकी, आणि खिडकीखालच्या टेबलावर मी. माझ्यासमोर बसायला आली ती बावीस वर्षांची, बारीक वेणीची, चटचट बोलणारी मुलगी. सगळी शाळा तिला ताई म्हणायची, तिच्याहून मोठी माणसेसुद्धा.

पहिल्याच दिवशी माझ्या अक्षरांच्या दोन काड्या एकमेकींत अडकल्या. ताईने खेचल्या, तिची बोटे शाईने काळी झाली, आणि तिच्या तोंडून निघाले, "मुडद्या!"

लगेच तिने जीभ चावली. दाराशी शिपाईमामा बसले होते.

"मला काही म्हणालात का ताई?"

"अहो, तुम्हाला नाही हो मामा! ह्याला म्हणाले."

"मग हरकत नाही. मला तसं म्हणायला अजून थोडा अवकाश आहे."

मुडदा म्हणजे प्रेत, हे तुम्हाला माहीत असेलच. पण पूर्वीच्या बायकांच्या तोंडी तो शब्द इतका घासला गेला होता की त्याच्या कडाच उरल्या नव्हत्या. हट्टी मूल, दूध पिऊन गेलेला बोका, न लागणारी कडी, सगळ्यांना तो चाले. ताईची आई तर उठता-बसता तो वापरी. पण तिने लेकीला एक नियम घालून दिला होता, आणि तो ताईने त्याच दिवशी मामांना सांगितला. "आई म्हणते, परक्या माणसाला शिवी देऊ नये, ती परत आपल्याच दारी येते. वस्तूला द्यावी, तिच्यात ती जिरते. पण वस्तूसुद्धा आपली असावी. परक्याच्या वस्तूला शिवी देणं म्हणजे परक्याच्या पोराला चापट मारणं."

हे ऐकले आणि मी गाडीपासून कळांपर्यंत फुलून आलो. म्हणजे मी तिचा होतो! शाळेच्या यादीत मी 'टंकलेखन यंत्र, नग एक' होतो. ताईच्या हिशेबी मी मुडद्या होतो.

तेव्हापासून मी तो शब्द जपला. कपाटाच्या कुलुपाला ती 'मेल्या' म्हणे, कागदाला भोके पाडणाऱ्या यंत्राला 'भवाने'. मला ते खपत नसे, पण निदान माझा शब्द तरी त्यांना मिळत नव्हता. त्याच्या तऱ्हा मी ओळखू लागलो. घाईतला तुटका 'मुडद्या'. सोमवारचा कंटाळलेला. पगारवाढीचे पत्र टाइप करतानाचा चक्क लाडाचा. एकदा तिच्या मुलाला वर्गात पहिला नंबर मिळाला, तेव्हा मी काही चूक केलेली नसताना ती मला म्हणाली, "ऐकलंस का रे मुडद्या?"

एकच दिवस वेगळा गेला. तिचे वडील वारले होते आणि रजेचा अर्ज टाइप करायला ती तासाभरासाठी आली होती. 'वडिलांचे' लिहिताना माझी काडी अडकली. शब्द तिच्या ओठांवर आला, मी पाहिला. तिने तो गिळला. त्या दिवशी त्या शब्दाला त्याचा खरा अर्थ परत मिळाला होता. तिने माझ्या गाडीवर कपाळ टेकले, आणि मग काडी सोडवून अर्ज पुरा केला.

आमच्या मुख्याध्यापिका, म्हणजे सगळ्यांच्या मोठ्या बाई, फार कडक. मैदानावर मुलांच्या तोंडी नको ते शब्द येऊ लागले, तेव्हा त्यांनी ताईकडून एक नोटीस काढवली. 'शाळेच्या आवारात अपशब्द वापरण्यास सक्त मनाई आहे.' कार्बन घालून पाच प्रती. ताई घाईत होती, मला 'मुडद्या, मुडद्या' करीत तिने ती ठोकली आणि पाच फळ्यांवर लावलीही. मधल्या सुट्टीत फळ्यांपुढे ही गर्दी! शेवटी मोठ्या बाई स्वतः वाचायला गेल्या. खाली सहीच्या जागी 'मुख्याध्यापिका' हवे होते. तिथे उकार दीर्घ पडला होता, 'य' गायब होता आणि 'ख'च्या डोक्यावर रफार ऐटीत बसला होता. मूर्खाध्यापिका.

बाई ऑफिसात आल्या. हातात नोटीस.

"ताई, मजकूर उत्तम आहे. फक्त माझं पद तेवढं बदललंत."

ताई रडकुंडीला आली. "बाई, मी नाही हो... ह्या मुडद्याने..."

पुन्हा जीभ चावली, पण उशीर झाला होता. अपशब्दबंदीची नोटीस तर बाईंच्या हातातच होती. मामा खिडकीकडे तोंड करून खोकत होते. मग मोठ्या बाईंच्या ओठांचा एक कोपरा हलला.

"माणसांना म्हणता का असं?"

"कधीच नाही. आईची शपथ."

"मग ह्याला म्हणत जा. पण दार लावून."

अशा रीतीने, मित्रांनो, साऱ्या शाळेत शिवी खाण्याचा परवाना एकट्या मला मिळाला. बातमी फुटली. पीटीचे सर येऊन दार लावत आणि मोकळे होत. गणिताच्या बाई नुसते "शी!" म्हणून जात, तेवढ्यानेही त्यांना बरे वाटे. एका संध्याकाळी तर मोठ्या बाईच आल्या, दार लावले आणि माझ्याकडे पाहून असा एक शब्द बोलल्या की माझ्या कळा गार पडल्या. तो मी तुम्हाला सांगणार नाही. पण ह्या सगळ्या उसन्या शिव्या होत्या. मी त्या जिरवल्या, जपली ती फक्त ताईची.

आणि मग तो आला. कॉम्प्युटर. दोन माणसांनी त्याला लेकरासारखा उचलून आणला. माझे खिडकीखालचे टेबल त्याला दिले आणि मला कपाटाच्या बाजूला, भवानीच्या शेजारी ठेवले. त्याच्यावर फुलांचे आच्छादन, माझ्यावर जुने वर्तमानपत्र. मी जळफळलो, पण एका गोष्टीने मला धीर आला. ताई त्याला घाबरत होती. ती त्याला चक्क 'अहो' म्हणे!

"अहो, चालू व्हा ना आता."

"ताई, तो काय तुमचा नवरा आहे का?" मामा विचारत.

"नवऱ्याला तरी बिघडला तर दोन शब्द ऐकवता येतात, मामा. ह्याला काही म्हटलं आणि रुसला तर?"

मी मनात हसलो. 'अहो' म्हणजे परका. बस तू पाव्हण्यासारखा, माझ्या खुर्चीत.

पण वर्ष सरले आणि एका सकाळी मला ऐकू आले, "अरे, काय करतोस हे?" अहोचे अरे झाले होते. पुढचे पाऊल मला ठाऊक होते. आठ-पंधरा दिवसांतच निकालपत्रे करताना तो मध्येच थिजला, आणि ताईने टेबलावर हात आपटला.

"मुडद्या!"

माझा शब्द. तोच सूर, तोच शेवटचा झटका. आणि त्याने काय केले? काहीच नाही. ना टिंग, ना खट्. इतकी वर्षे मी ज्याच्यावर जगलो ते त्या ठोंब्याला कळलेसुद्धा नाही. मला वाटले, निदान पुसायला तरी कोणी यावे, म्हणजे मी कोणाच्या तरी बोटाला चावेन. कोणी आले नाही. धूळ बसत गेली, गाडीला धरून ठेवणारे माझे दात गंजून झिजले.

ताई निवृत्त झाली त्याच आठवड्यात ऑफिसची साफसफाई निघाली. मामा आधीच निवृत्त होऊन गेले होते. नवा शिपाई भंगाराचा ढीग करीत होता. कुलूप गेले, भवानी गेली. माझ्यापाशी तो आला तेव्हा ताई म्हणाली, "थांब, ह्याला ढिगापर्यंत मी नेते." वेणी आता पांढरी होती. तिने पदराने माझ्या कळा पुसल्या. मी वाट पाहत होतो. एकदाच म्हण, बाई. जाता जाता एकदाच.

ती अदबीने म्हणाली, "चला, निघा आता. पुष्कळ केलंत हो माझ्यासाठी."

निघा. केलंत. मित्रांनो, भंगारात जाण्याचे दुःख मला तेव्हा उरलेच नाही. तिने मला अहो-जाहो केले होते. तिच्या लेखी मी परका झालो होतो.

तिने मला दोन्ही हातांनी उचलले. उचलण्याआधी गाडी अडकवून ठेवायची असते, हे तिने स्वतः किती जणांना शिकवले होते. त्या दिवशी शिष्टाचाराच्या नादात विसरली. झिजलेले दात सुटले. गाडी सुसाट डावीकडे गेली, घंटा वाजली, आणि गाडीची मूठ थेट तिच्या बोटांच्या पेरांवर आदळली.

"आई गं! मुडद्या!"

मी हे मुद्दाम केले का? ते विचारू नका. ताईने बोट तोंडात घातले, माझ्याकडे पाहिले, आणि ती हसू लागली. हसता हसता डोळे पुसू लागली.

"ताई, लागलं का?" शिपाई धावला. "द्या इकडे, ढिगात टाकतो."

"हात लावू नकोस," ती म्हणाली. "हा माझा आहे. नव्या मोठ्या बाईंना विचारून घरी नेते."

आता मी तिच्या खिडकीत असतो. तिची नात माझ्यावर स्वतःचे नाव उमटवते. घरात मिक्सर आहे, मोबाइल आहे, आणि दोघांनाही दिवसाकाठी माझा शब्द मिळतो. मी अजून जळतो. पण रोज सकाळी पुसला जातो तो मी एकटा.

म्हणून सांगतो मित्रांनो, राग आला तर माणसांवर फेकू नका, माणसांत तो जिरत नाही. एखाद्या वस्तूवर काढा, पण आधी ती वस्तू आपली म्हणा, तिला तेल घाला, तिची धूळ पुसा. मग खुशाल शिवी द्या. आणि देताना जरा कान देऊन ऐका. आतून कुठून तरी बारीक 'टिंग' ऐकू येईल.