चार बोटांची बॅट

जया रसायनीच्या एका कारखान्यात मोजमापाची यंत्रं सांभाळणाऱ्या विभागात होती. त्या विभागातली एकटी बाई. तिचे वडील बुधाजी कशेळ्याकडचे भातशेतीवाले. पोरीने स्क्रूड्रायव्हर घेऊन काम करावं हे त्यांना कधी पटलं नव्हतं. पण १९८३ साली त्यांची उजवी बाजू लुळी पडली आणि उपचारांसाठी जयाने त्यांना आणि आईला, सोनुबाईला, मोहोपाड्याच्या आपल्या खोलीवर आणलं.

पाय सुधारला, हात नाही. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम बुधाजी करत नसत. "रिकामा हात हवेत हलवायला मी काय खुळा हाय?" एवढं म्हणून भिंतीकडे तोंड करत.

त्याच सुमारास कारखान्यातल्या एका साहेबांच्या बायकोने परदेशातून आणलेली, टीव्हीला जोडून खेळायच्या खेळाची बिघडलेली पेटी जयाला दिली. "चालू झाली तर तूच ठेव," त्या म्हणाल्या.

जयाने झाकण उघडलं. आत गर्दी असेल असं तिला वाटलं होतं. होती एकच काळी चिप, अठ्ठावीस पायांची, आणि भोवती थोडे सुटे भाग. चेंडूचा वेग, भिंतीवर आपटून परतणं, गुण, सगळं त्या चिपच्या पोटात. खेळणाऱ्या माणसाबद्दल मात्र त्या चिपला एकच गोष्ट कळत होती. हातातलं बटण फिरवलं की त्यातला व्हॉल्युम, रेडिओत असतो तसलाच, विजेला कमीजास्त अडवतो. त्या अडथळ्यावरून पडद्यावरची बॅट वर किंवा खाली जाते. एक व्हॉल्युम झिजला होता. जयाने तो बदलला. पेटी खोलीतल्या टीव्हीला जोडली तर चित्र वर पळत होतं, तेही मागची चकती फिरवून थांबवलं. चेंडू टकटक करत इकडून तिकडे जाऊ लागला.

बुधाजींनी भिंतीकडून मान वळवली.

"हे कोन खेळतंय?"

"तुमी खेळा, बाबा."

पण बोटांत बटण धरवेना. जयाने बटण काढून तिथे वीतभर लाकडी दांडी बसवली आणि त्यांचं मनगट फडक्याने त्या दांडीला बांधलं. हात जेमतेम चार बोटं सरकायचा. तेवढ्याने बॅट जागची हलल्यासारखीसुद्धा वाटेना. दोन दिवस ती विचार करत होती. मग तिने कितीतरी जास्त अडथळ्याचा व्हॉल्युम लावला. आता तेवढ्याच चार बोटांत बॅट पडद्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पोचली.

समोर सोनुबाई खेळायला बसल्या. बुधाजींनी त्यांना पहिल्याच संध्याकाळी हरवलं.

"अवं, जरा हळू मारा की!" त्या म्हणाल्या, आणि महिन्याभरात पहिल्यांदाच बुधाजी हसले.

पंधरा दिवसांनी जयाने कोणाला न सांगता व्हॉल्युम थोडा कमी अडथळ्याचा लावला. आता बॅट तेवढीच न्यायला हात सहा बोटं न्यावा लागे. बुधाजी नेत होते. तिने पुन्हा व्हॉल्युम बदलला तेव्हा मात्र ते तिसऱ्याच चेंडूला थांबले.

"काय केलंस गं यात?"

जया दांडीचा स्क्रू चाचपू लागली.

"चाळीस वर्सं नांगर धरलाय मी. औत जड झालं तर कळतं मला. मला फसवतेस?"

"सांगितलं असतं तर तुमी हात लावला नसता."

"तो माझा हात हाय ना? मंग मला इचारायचं."

त्यांचं खरं होतं. डोळे भरून आले तरी तिने स्क्रू काढले, पेटी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि चिप, व्हॉल्युम, दांडी, सगळं समजावून सांगितलं. आपलं काम वडिलांना सांगायची तिच्यावर ही पहिलीच वेळ होती. बुधाजींनी डाव्या हाताने दांडी मागेपुढे हलवून पाहिली.

"म्हंजे याला माणूस दिसत नाय. किती अडतंय तेवढंच कळतं."

"हां."

"कारखान्यात बी असंच काम करतेस?"

"असंच. तिथं टाकीतला दाब कळतो."

त्यांनी पेटी तिच्याकडे सरकवली. "आता याच्याहून कमीचा बसव. पन माझ्यासमोर."

त्यानंतर दर रविवारी दोघं पेटी उघडून बसत. कुठला व्हॉल्युम लावायचा ते बुधाजी ठरवत. कधी घाई करून मोठी मजल मागत, मग हरत आणि चिडत. मार्चपर्यंत त्यांचा हात खांद्याच्या वर जाऊ लागला. बोटं मात्र शेवटपर्यंत उघडली नाहीत. शेत त्यांनी भावाला कसायला दिलं.

गावाहून कोणी भेटायला आलं की ते डाव्या हाताने पेटीचं झाकण उचलत आणि पाहुण्याला आतलं दाखवत. "ह्ये आमच्या जयानं बसवलंय," म्हणत आणि पुढचं सगळं स्वतःच समजावून सांगत. काही चुकलं तरी जया मध्ये बोलत नसे.